ब्रॉम्प्टनचे विमान

पतंग आपण सर्वांनीच उडविला आहे. कागद, दोन कामट्या, थोडी खळ आणि दोरा एवढ्या सामग्रीत तो तयार होतो. वारा असला की तो वर चढतो आणि दोरा तुटला की गिरक्या खात कोठेतरी जाऊन पडतो. दोरा नसतानाही पतंगाने गिरक्या न खाता आपण ठरविलेल्या दिशेने सरळ तरंगत जावे, एवढेच साधावयाचे असे मनाशी धरून इंग्लंडमधील एका गृहस्थांनी १८०४ साली एक साधे खेळणे तयार केले. आज शेकडो उतारू घेऊन जी विमाने समुद्र ओलांडतात, त्यांची मूळ ठेवण या खेळण्यात सापडते. त्या गृहस्थांचे नाव सर जॉर्ज केली.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर यॉर्कशायर परगण्यात स्कारबरो नावाचे गाव आहे. तेथे २७ डिसेंबर १७७३ रोजी जॉर्जचा जन्म झाला. घराणे जुन्या जमीनदारांचे होते. स्कारबरोपासून काही मैलांवर ब्रॉम्प्टन या खेड्यात त्यांचा वाडा होता आणि भोवताली त्यांच्या कुळांची शेते पसरलेली होती. वाड्याच्या जवळच गवताने आच्छादलेल्या उतरणी आणि त्यांच्यामध्ये एक लहानशी दरी होती. या दरीचे नाव पुढे विमानविद्येच्या इतिहासात कायमचे नोंदले जावयाचे होते. परंतु त्या वेळी तेथे मेंढरे चरत आणि वर आकाशात पक्ष्यांचे थवे घिरट्या घालीत, एवढेच तिचे महत्त्व होते.

जॉर्ज दहा वर्षांचा होण्यास एक महिना उरला असताना फ्रान्सहून एक अद्भुत वार्ता आली. २१ नोव्हेंबर १७८३ रोजी पॅरिस येथे मोंगोल्फिए बंधूंनी तयार केलेल्या ऊन हवेच्या फुग्यात बसून दोन माणसे आकाशात गेली आणि सुखरूप खाली उतरली. साऱ्या युरोपात या घटनेने खळबळ उडाली. अनेक मुलांनी त्या दिवसांत कागदाचे फुगे उडविले असतील आणि कालांतराने ते विसरूनही गेली असतील. जॉर्जच्या मनात मात्र आकाशाचे वेड शिरले ते आयुष्यभर निघाले नाही.

त्याचे शिक्षण नेहमीच्या शाळेच्या चाकोरीतून झाले नाही. नॉटिंगहॅमचे धर्मोपदेशक जॉर्ज वॉकर हे उत्तम गणिती होते. त्यांच्याकडे व त्यानंतर जॉर्ज कॅडोगन मॉर्गन या विज्ञानाच्या अभ्यासकाकडे राहून त्याने गणित, यंत्रशास्त्र आणि पदार्थविज्ञान यांचे धडे घेतले. १७९२ साली वडील वारले आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षीच घराण्याची पदवी व जमिनीचा सारा कारभार जॉर्जच्या अंगावर पडला. तीन वर्षांनी गुरू वॉकर यांची कन्या सारा हिच्याशी त्यांचा विवाह झाला. यापुढे आपण त्यांना सर जॉर्ज असेच म्हणू.

एखाद्या तरुण जमीनदाराने शिकारी आणि मेजवान्या यांत दिवस घालविले असते. सर जॉर्ज यांनीही बंदूक हाती घेतली नाही असे नाही. पण पक्षी हाती आला की ते त्याचे वजन करीत, त्याच्या पंखांची लांबीरुंदी मोजीत आणि हे सारे आकडे वहीत टिपून ठेवीत. बगळ्याच्या जातीचा हेरन पक्षी, कावळ्याच्या कुळातला रूक पक्षी, समुद्रावरचे कुरव या सर्वांची अशी मोजमापे त्यांनी घेतली. एवढे वजन एवढ्या पंखांवर हवेत राहते तर माणसाच्या वजनाला केवढा पंख लागेल, हा प्रश्न त्यांच्यापुढे सतत उभा असे.

त्या काळापर्यंत उडू पाहणाऱ्या माणसांची एक ठराविक चूक होत असे. पक्षी पंख हालवितो व उडतो. मग आपणही हातांना पंख बांधून ते हालविले म्हणजे उडता येईल, असे त्यांना वाटे. कित्येकांनी मनोऱ्यावरून आणि कड्यांवरून उड्या टाकून हातपाय मोडून घेतले, काहींनी प्राणही गमावले. आपल्याकडील घार पाहा. उन्हाच्या वेळी ती उंच आकाशात तास न् तास वर्तुळे घेत असते, पण पंख फारसे हालवीत नाही. म्हणजे तिचा भार तोलून धरण्याचे काम पंखांच्या फडफडण्याने होत नाही. पसरलेल्या पंखांवर, किंचित वर उचललेल्या त्यांच्या पुढच्या कडेवर, समोरून जो वारा येतो तोच तिला उचलून धरतो. सर जॉर्ज यांच्या ध्यानी ही गोष्ट आली आणि तिच्यातून त्यांना मूळ सूत्र गवसले. उचलून धरणे हे एक काम आहे व पुढे रेटणे हे दुसरे. ही दोन कामे एकाच अवयवावर लादण्याची काही गरज नाही. पंख स्थिर ठेवावा. त्याने फक्त भार उचलावा. पुढे रेटण्यासाठी निराळी योजना करावी आणि दिशा देण्यासाठी मागे शेपटी असावी.

हा विचार त्यांनी १७९९ साली एका लहानशा चांदीच्या चकतीवर कोरून ठेवला. चकतीच्या एका अंगाला स्थिर पंखाचे, शेपटीचे आणि वल्ह्यासारख्या पात्यांचे एक यान कोरलेले आहे. दुसऱ्या अंगाला पंखावर वाऱ्याचा दाब पडला असता त्याचे वर उचलणारा आणि मागे ओढणारा असे दोन भाग कसे होतात, याची आकृती आहे. ही चकती लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. विमानाच्या पंखावर कोणती बले काम करतात हे दाखविणारी याहून जुनी आकृती उपलब्ध नाही.

परंतु आकृती काढणे वेगळे आणि आकडे हाती येणे वेगळे. वारा किती वेगाने आला व पंख किती कलता ठेवला तर किती वजन उचलले जाईल, हे कोणत्याही पुस्तकात दिलेले नव्हते. ते मोजण्यासाठी सर जॉर्ज यांनी १८०४ साली एक फिरता हात तयार केला. पवनचक्क्यांच्या अभ्यासासाठी जॉन स्मीटन या अभियंत्याने अशी युक्ती पूर्वी वापरली होती. उभ्या दांड्यावर एक आडवा हात बसविलेला. त्याच्या एका टोकाला एक चौरस फुटाचा सपाट पडदा आणि दुसऱ्या टोकाला त्याच्या तोलाचे वजन. दांड्याभोवती दोरी गुंडाळावयाची आणि तिच्या टोकाला जड वजन बांधून ते वाड्याच्या जिन्याच्या पोकळीत सोडून द्यावयाचे. वजन खाली जाऊ लागले की हात गरगर फिरे आणि पडद्याला समोरून वारा लागे. पडदा थोडा कलता केला की तो वर उचलला जाई; किती उचलला गेला ते पलीकडे वजन घालून कळे. पुन्हा दोरी गुंडाळावयाची, कोन थोडा बदलावयाचा आणि पुन्हा वजन सोडावयाचे. घरातील मंडळींना या जिन्यावरून जाताना काय कष्ट पडत असतील याची कल्पनाच केलेली बरी!

या प्रयोगांतून असे दिसून आले की, पडदा वाऱ्याला अगदी थोडा कलता असला तर त्याला मागे ओढणारा जोर फार थोडा असतो आणि वर उचलणारा जोर त्याच्या मानाने कितीतरी अधिक असतो. पुढे पक्ष्यांच्या पंखांवरून त्यांच्या हेही लक्षात आले की, पंख सपाट असण्यापेक्षा त्याला थोडा बाक असेल तर तो अधिक भार उचलतो.

त्याच वर्षी त्यांनी ते खेळणे तयार केले. त्याची रचना त्यांच्या वहीत नोंदलेली आहे आणि ती तुम्हालाही सहज करता येण्यासारखी आहे. त्यांनी एक साधा कागदी पतंग घेतला. त्याचे क्षेत्रफळ १५४ चौरस इंच, म्हणजे साधारण एक हात रुमालाएवढे होते. सुमारे ५ फूट लांबीच्या एका काठीवर त्यांनी तो बसविला. त्याची मागची बाजू काठीला टेकविली आणि पुढच्या बाजूखाली एक खुंटी देऊन ती थोडी उचलून धरली. त्यामुळे पतंग आणि काठी यांच्यामध्ये ६ अंशांचा कोन झाला. काठीचे मागचे टोक पतंगाच्या बरेच पलीकडे गेलेले होते. त्या टोकावर एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन लहान पट्ट्यांची शेपटी होती आणि ती हव्या त्या कोनात वळवून ठेवता येत असे. काठीच्या पुढच्या अंगाला टोकदार खिळा असलेले एक वजन टोचलेले होते. ते काढून थोडे पुढे अथवा मागे टोचले की साऱ्या यानाचा गुरुत्वमध्य बदले. बस, इतकेच! पंख पुढे, शेपटी मागे, शेपटीत एक आडवा व एक उभा पडदा आणि भार योग्य जागी.

सर जॉर्ज श्रीमंत होते. त्यांनी मनात आणले असते तर सुतार आणि लोहार कामाला लावून एकदम मोठे यान उभे केले असते, आणि ते पहिल्याच दिवशी उतारावर चक्काचूर झाले असते. कागदाचा पतंग मोडला तर दुसरा घेता येतो. काठी मोडली तर कुंपणातून दुसरी काढता येते. शिवाय अशा यानात कोणाचा जीव नसतो. म्हणून त्यात वाटेल तितक्या चुका करता येतात, आणि चुका केल्याखेरीज जे कळत नाही ते स्वस्तात कळते. मला वाटते, सर जॉर्ज यांचा खरा मोठेपणा हे ओळखण्यात होता.

आज मुले हातातील यंत्रावरून बिनतारी संदेश पाठवून आपले खेळातले विमान जमिनीवरून वळवितात. १८०४ साली बिनतारीचा शोध लागावयास जवळजवळ नव्वद वर्षे होती. विमानाला जी काही आज्ञा द्यावयाची ती हातातून सुटण्यापूर्वीच द्यावी लागे. शेपटी किंचित वर केली, वजन थोडे मागे घेतले, विमान सोडले. ते नाक वर करून थबकले आणि आपटले. वजन पुढे टोचले. आता ते नाकावर कोसळले. असे करीत करीत एक वेळ अशी येते की विमान हातातून सुटते आणि उतारावरून निर्धास्तपणे, जणू काही आत कोणी बसले आहे अशा ऐटीत, तरंगत जाते. सर जॉर्ज यांच्या यानाने ती अवस्था गाठली. शेपटी जराशी उजवीकडे अथवा डावीकडे वळवून ठेवली तर सुकाणू फिरविलेल्या जहाजाप्रमाणे ते आपला मार्ग वळवी. उंच टेकडीवरून ते खाली जाताना पाहून सर जॉर्ज यांना जो आनंद झाला तो त्यांनी वहीत नोंदून ठेवला आहे. त्याबरोबरच त्यांच्या मनात एक विचार आला. आल्प्स पर्वतावरून उतारूंना खेचरांच्या पाठीवर बसून उतरावे लागे. असेच यान मोठ्या आकाराचे केले तर ते या प्रवाशांना पाय न घसरणाऱ्या खेचरापेक्षाही अधिक सुरक्षितपणे खाली आणील, असे त्यांना वाटले. हातभर पतंग उडत असताना त्यांना त्यात बसलेले प्रवासी दिसू लागले होते.

पुढील पाच वर्षांत त्यांनी याच नमुन्यावर मोठे यान बांधले. त्याच्या पंखांचे क्षेत्रफळ ३०० चौरस फूट होते. शेपटी ठरविलेल्या दिशेला वळवून आणि वजन ठेवून ते टेकडीवरून सोडले म्हणजे त्या दिशेने पांढऱ्या राजहंसासारखे खाली जाई. कोणी माणूस ते धरून मंद वाऱ्याच्या विरुद्ध वेगाने धावला तर त्याचे पाय जमिनीला नीट टेकत नसत. कधीकधी ते त्याला उचलून काही यार्ड पुढे नेई. पुढे रेटणाऱ्या यंत्राची योजना जोडून पाहण्यापूर्वीच ते यान अपघाताने मोडले.

याच सुमारास व्हिएन्ना येथील याकोब डेगेन नावाचा एक घड्याळजी पंखांच्या साहाय्याने उडाल्याची बातमी इंग्लंडमध्ये येऊन पोहोचली. डेगेनला वर उचलण्याचे बरेचसे काम एका फुग्याने केले होते, ही गोष्ट त्या बातमीत वगळलेली होती. सर जॉर्ज यांना वाटले की आता आपले ज्ञान वहीत बंद करून ठेवणे योग्य नव्हे. त्यांनी आपले प्रयोग, मोजमापे आणि निष्कर्ष लिहून काढले आणि निकल्सन यांच्या विज्ञानविषयक मासिकात ते १८०९ व १८१० या वर्षी तीन भागांत प्रसिद्ध झाले. आपला शोध त्यांनी लपविला नाही आणि त्याची किंमतही मागितली नाही. स्थिर पंख, त्यांचा बाक, दोन्ही पंखांची टोके थोडी उचललेली ठेवली असता यान आडवे कलंडत नाही हा नियम, शेपटीचे दोन्ही पडदे, असे सारे त्या लेखांत होते. विमान बांधावयास निघालेल्या माणसाला जे ठाऊक असावयास हवे त्यातले बरेचसे तेथे छापलेले होते. फक्त एका गोष्टीची उणीव होती.

ती गोष्ट म्हणजे इंजिन. वॉट यांचे वाफेचे इंजिन खाणीतले पाणी उपसण्यास आणि गिरण्या चालविण्यास उत्तम होते. पण त्याचा बंब, त्यातील पाणी आणि कोळसा यांचे ओझे उचलू शकेल असा पंख कोठून आणावा? सर जॉर्ज यांनी वाफेऐवजी तापविलेल्या हवेवर चालणारे इंजिन तयार करून पाहिले. बंदुकीच्या दारूचा स्फोट नळकांड्यात घडवून त्याच्या जोरावर दट्ट्या हालविण्याचाही त्यांनी प्रयत्न केला. मोटारीच्या इंजिनामध्ये असेच स्फोट होत असतात, फक्त ते पेट्रोलच्या वाफेचे. परंतु पेट्रोलचे इंजिन त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी झाले. आपण जे सिद्ध केले आहे ते आपल्या हयातीत पुरे होणार नाही, याची जाणीव त्यांना पुष्कळ आधी झाली असली पाहिजे. त्या वेळी ते चाळीशीच्या आत होते आणि अजून निम्म्याहून अधिक आयुष्य त्यांच्यापुढे पडलेले होते.

ते आयुष्य त्यांनी रिकामे जाऊ दिले नाही. यान हलके राहावे म्हणून त्याची चाकेही हलकी हवीत, या विचाराने १८०८ साली त्यांनी जाड लाकडी आऱ्यांच्या जागी ताणलेल्या दोऱ्यांचे चाक योजिले. तुमच्या सायकलीच्या चाकातील तारा पाहा. त्यांची कल्पना यातलीच. १८२५ साली त्यांनी चाकांवरून फिरणाऱ्या अखंड पट्ट्याची गाडी कल्पिली. शेतातल्या मऊ मातीतून चालणारे पट्ट्याचे ट्रॅक्टर पुढे याच तत्त्वावर निघाले. कुळांच्या पाणथळ जमिनी कोरड्या करण्याच्या कामात त्यांनी लक्ष घातले. १८३२ ते १८३५ पर्यंत ते स्कारबरोचे प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात होते. लंडनमध्ये १८३८ साली सुरू झालेल्या पॉलिटेक्निक संस्थेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. आकाशगमनाच्या अभ्यासासाठी एक मंडळ स्थापावे म्हणून त्यांनी एकाहून अधिक वेळा प्रयत्न केले. पण या विषयात नाव गुंतविणे प्रतिष्ठित लोकांना हास्यास्पद वाटत असे. असे मंडळ इंग्लंडमध्ये १८६६ साली निघाले, तेव्हा सर जॉर्ज यांना जाऊन नऊ वर्षे झाली होती.

१८४२ साली विल्यम हेन्सन नावाच्या एका तरुणाने उतारू वाहून नेणाऱ्या वाफेच्या विमानाचा आराखडा तयार केला. त्याच्या पंखांचा विस्तार १५० फूट होता. पुढच्या वर्षी एक वाहतूक कंपनी काढण्याचा घाट घातला गेला आणि इजिप्तच्या पिरॅमिडांवरून हे विमान उडत असल्याची चित्रेही छापली गेली. अजून काहीच उडाले नसताना चित्रांतून प्रवास सुरू झाला होता! लोकांनी मनसोक्त टवाळी केली. सर जॉर्ज त्या वेळी ६९ वर्षांचे होते. त्यांनी टवाळी केली नाही. आराखडा नीट पाहून त्यातील दोष दाखविला. इतका लांब एकेरी पंख हलक्या सामानात बांधला तर तो टिकणार नाही. त्याऐवजी तेवढेच क्षेत्रफळ लहान लहान पंखांत वाटून ते एकावर एक असे बसवावेत, असे त्यांनी सुचविले. हेन्सन आणि त्याचा सहकारी जॉन स्ट्रिंगफेलो यांनी २० फूट विस्ताराचा नमुना बांधून पाहिला. तो उडाला नाही. हेन्सन निराश होऊन अमेरिकेत निघून गेला.

या प्रकरणाने वृद्ध सर जॉर्ज यांच्या मनातील जुना अग्नी पुन्हा प्रज्वलित झाला असावा. इंजिन नव्हते, पण टेकडी होती. एकावर एक तीन पंखांचे यान त्यांनी बांधविले. त्याचा तोल आणि सुकाणू प्रथम तपासून पाहिले आणि मग १८४९ साली एका दहा वर्षांच्या मुलाला त्यात बसविले. उतारावरून जाताना ते यान जमीन सोडून काही यार्ड तरंगले. सपाटीवर दोराने वाऱ्याच्या विरुद्ध ओढले असता पुन्हा तितकेच अंतर ते अधांतरी गेले. त्या मुलाचे नाव कोठे लिहिलेले नाही. हवेपेक्षा जड अशा यानात बसून अधांतरी गेलेला तो पहिला लहान उतारू होय.

यानंतर सर जॉर्ज यांनी मोठ्या माणसाचा भार उचलू शकणारे यान तयार केले. अशा यानाची रचना त्यांनी १८५२ साली एका यंत्रविषयक मासिकात आकृतीसह दिली होती. खाली नावेसारखी बैठक, तिला तीन हलकी चाके, वर कापडाचा पसरट पंख आणि मागे शेपटी. १८५३ साली ते ब्रॉम्प्टनच्या दरीपाशी आणण्यात आले. सर जॉर्ज यांचे वय ७९ होते. त्या वयात स्वतः बसणे शक्य नव्हते. त्यांनी आपल्या घोडागाडीच्या सारथ्याला आत बसविले.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. १८०४ सालचा पतंग कितीही वेळा आपटला तरी कागदच फाटणार होता. आता आत एक जिवंत माणूस होता. मालकाने बैस म्हटल्यावर नोकराला नाही म्हणणे कितपत शक्य होते? त्याला उडण्याची विद्या कोणी शिकविली नव्हती, आणि शिकविणार तरी कोण, कारण ती कोणालाच येत नव्हती. अर्धशतकाच्या मोजमापांवर सर जॉर्ज यांचा विश्वास होता. सारथ्याला त्या मोजमापांतले काय ठाऊक असणार? त्याने विश्वास ठेवला तो मालकावर. दोघांच्या धैर्यात हा फरक आहे आणि सारथ्याचे धैर्य मला अधिक वाटते.

यान उतारावरून ढकलण्यात आले. चाके जमीन सोडून वर आली आणि पंखावर भार तोलीत ते दरीवरून तरंगत पलीकडे गेले. पलीकडच्या बाजूला ते आदळून थांबले. लोक धावत पोहोचले तेव्हा सारथी बाहेर पडण्याची धडपड करीत होता. तो जिवंत होता. आपण गाडी हाकण्यासाठी चाकरीस राहिलो आहोत, आकाशात उडण्यासाठी नव्हे, अशी तक्रार करून त्याने तेथेच नोकरी सोडण्याचा इरादा जाहीर केला, अशी या घराण्यात आठवण सांगितली जात असे. त्याचा हा राग अगदी रास्त होता.

१५ डिसेंबर १८५७ रोजी सर जॉर्ज ब्रॉम्प्टन येथे मरण पावले. त्यांना ८४ वर्षे पूर्ण होण्यास बारा दिवस उरले होते. त्यांनंतर ४६ वर्षांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, अमेरिकेत राइट बंधूंनी इंजिनाच्या बळावर विमान उडविले. सर जॉर्ज यांनी विमानविद्या पूर्वी कधीच न गेलेल्या टप्प्यापर्यंत नेऊन ठेवली होती, हे ऋण विल्बर राइट यांनी पुढे मोकळेपणी मान्य केले.

१८५३ सालचे ते यान खरोखर उडू शकेल काय, अशी शंका घेणाऱ्यांचेही समाधान झाले आहे. १९७३ साली जुन्या आकृतीवरून तसेच यान बांधून डेरेक पिगट या कसलेल्या ग्लायडरचालकाने ते त्याच ब्रॉम्प्टनच्या दरीत उडवून दाखविले. २००३ साली, त्या उड्डाणाला दीडशे वर्षे झाल्यानिमित्त, असाच प्रयोग तेथे पुन्हा करण्यात आला.

मूळ यान मात्र आता राहिलेले नाही. सारथ्याच्या उड्डाणाच्या वेळी सर जॉर्ज यांची एक नात नऊदहा वर्षांची होती आणि ती ते दृश्य पाहावयास तेथे हजर होती. दरीवरील त्या दिवसाची हकीकत आपल्याला मुख्यतः तिच्याच वृद्धपणीच्या आठवणींतून कळते. तिने आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे. उड्डाणानंतर ते यान वाड्याच्या कोठारात उंचावर ठेवून देण्यात आले होते. घरी शिकविणाऱ्या बाई अभ्यासासाठी शोधू लागल्या आणि अभ्यासाचा कंटाळा आला, की ही मुलगी हळूच वर चढून त्यात लपून बसत असे.